विकल्प अर्जातला 'सेफ' पहिला क्रमांक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवेढ्यात माझं महा ई-सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, पॅनकार्ड ही बारा महिन्यांची कामं. जुलै उजाडला की त्यात इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीचे (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे) विकल्प अर्ज येतात, म्हणजे हव्या त्या कॉलेजांची पसंतीक्रमानं यादी. एका फेरीचा अर्ज भरायला मुलांना साधारण तीन दिवस मिळतात. पहिले दोन दिवस माझ्याकडे चिटपाखरू नसतं. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर दुकानाच्या पायरीवर पाय ठेवायला जागा नसते. त्यात लाईट जाते ती वेगळीच.

आपल्या दैनिकात दरवर्षी मोठ्या कॉलेजांचे कटऑफ छापून येतात. ते वाचून पालक येतात, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी अशाच तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलीला सीईटीला चांगले 94 च्या वर पर्सेंटाइल. वहीच्या कागदावर यादी होती, पण वडिलांच्या अक्षरात. पहिल्या क्रमांकावर घरापासून तासाभराच्या अंतरावरचं कॉलेज, आणि मुलीला जिथं जायचं होतं ते पुण्याचं कॉलेज चौथ्या. मी विचारलं, असं का? ते म्हणाले, "पहिलं सेफ टाकायचं. न मिळणारं वर टाकलं की फॉर्म वाया जातो, सगळे सांगतात." मागे आठ जण उभे होते. मी मुकाट्यानं टाईप केलं. ओटीपी आला, कन्फर्म केलं, शंभर रुपये घेतले.

यादी लागली आणि पहिलाच क्रमांक मिळाला. वडील पेढे घेऊन आले. मग फेरीचे कटऑफ जाहीर झाले, तेव्हा कळलं की पुण्याच्या त्या कॉलेजात तिच्या प्रवर्गाची शेवटची जागा तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवाल्याला गेली होती. 'आता बेटरमेंट करू', म्हणजे पुढच्या फेरीत हवं ते कॉलेज मिळवू, म्हणून दोघं परत आले. पण नियम आडवा आला. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला की जागा आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की. 2025 पासून दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं तरी तसंच. ती नाकारली तर पुढच्या फेऱ्या बंद. लॉगइन उघडून बघितलं, पुढच्या फेरीचा रस्ताच नव्हता. मुलगी काही बोलली नाही. स्क्रीनकडं बघत राहिली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

'फॉर्म वाया जातो' ही अफवा नेमकी कुठून उठली देव जाणे, पण तालुक्या-तालुक्यात ती पक्की बसली आहे. प्रत्यक्षात संगणक गुणवत्ता क्रमांकानं एकेकाला घेतो. तुमची पाळी आली की तुमची यादी वरून खाली वाचतो आणि तुमच्या हक्काची जी पहिली रिकामी जागा दिसेल ती देतो. वरची तीस कॉलेजं मिळण्यासारखी नसली तरी एकतिसाव्यावर तुमचा हक्क तसूभर कमी होत नाही. एखादं कॉलेज तुम्ही दहाव्या क्रमांकावर टाकलं आणि दुसऱ्यानं पहिल्या, म्हणून त्याला ते आधी मिळत नाही. आधी मिळतं ते ज्याचा गुणवत्ता क्रमांक वर त्याला. विकल्प तीनशेपर्यंत भरता येतात आणि लोक बारा भरून उठतात.

म्हणून ऐंशी पर्सेंटाइलचा मुलगा पुण्याचं नावाजलेलं सीओईपी कॉलेज वर टाकायचा हट्ट धरतो तेव्हा मी हसत नाही. (आम्हा फॉर्मवाल्यांना सीओईपी म्हणजे अजूनही 6006 हा कॉलेज कोड.) 1854 सालापासूनची संस्था आहे, माटुंग्याचं व्हीजेटीआय 1887 चं. मुलाला तिथं जावंसं वाटणारच. टाकू दे की. पैसे पडत नाहीत. गोंधळ होतो तो त्याच्या खाली. मनात नसलेलं कॉलेज 'असू द्या' म्हणून वरच्या सहांत टाकलं, तर नव्या नियमानं ते गळ्यात पडतं.

कटऑफ वाचण्यातही अशीच गंमत. एका पोरानं सांगलीकडच्या एका कॉलेजचा कटऑफ मोबाईलवर दाखवला, म्हणाला, "काका, आरामात बसतंय." बघितलं तर जागेच्या कोडचं शेवटचं अक्षर एच, म्हणजे होम युनिव्हर्सिटी. तिकडचं विद्यापीठ शिवाजी, आपण सोलापूर विद्यापीठाचे. आपल्यासाठी ओची रांग बघायची, म्हणजे बाहेरच्या विद्यापीठवाल्यांची, आणि तिथला आकडा वेगळा. एस असेल तर राज्यस्तरावरची जागा. सुरुवातीला एल दिसलं तर ती मुलींसाठी राखीव. मुलींनी मात्र जी (सर्वांसाठीच्या) आणि एल दोन्ही रांगा बघायच्या, कारण त्यांना दोन्हीकडून जागा मिळू शकते. त्या पोराला हे बारावीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मलाही कुणी सांगितलं नव्हतं, दोन-तीन वर्षं चुकत शिकलो.

आणि तो पॉइंट एकचा फरक! 'पॉइंट एकनं गेलं' असं लोक किरकोळ काहीतरी गेल्यासारखं बोलतात. सीईटीच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपला चार लाखांवर मुलं बसतात. पर्सेंटाइल म्हणजे शंभरात किती मुलं आपल्या मागे, म्हणून पॉइंट एक म्हणजे चारशेहून जास्त मुलं मध्ये उभी. तेव्हा गेल्या वर्षीच्या आकड्याला एवढं चिकटून बसण्यात अर्थ नाही. आकड्याच्या थोडं वर, थोडं खाली, दोन्हीकडं हात पसरून भरावं.

या अज्ञानावर धंदाही उभा राहिला आहे. सात हजार रुपये देऊन आणलेली छापील यादी एका पालकानं माझ्यापुढं ठेवली. दोन दिवसांनी दुसऱ्यानं ठेवली. दोन्ही एकच, नाव फक्त बदललेलं. एक मुलगा मेकॅनिकल म्हणून जीव टाकणारा, दुसऱ्याला कॉम्प्युटरशिवाय काही दिसत नव्हतं.

त्या मुलीच्या वडिलांना मी दोष देत नाही. त्यांच्या मनात खरी भीती पैशांची होती, 'सेफ' हा शब्द नंतर चिकटवलेला. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींना कॅपमधून प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दाखला तर माझ्याच दुकानातून काढलेला! होस्टेल आणि मेसचा खर्च उरतोच, पुण्यात तो थोडाथोडका नाही, पण मग हिशोब त्याचा मांडायचा. मी तेव्हा एवढं जरी बोललो असतो तरी यादी कदाचित फिरली असती. ज्यांची फी माफ होत नाही त्यांनीही प्रत्येक कॉलेजची फी आणि जाण्या-येण्याचं अंतर यादीतल्या नावापुढं लिहून आणावं. माझ्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा फी बघणारे पालक दर वर्षी भेटतात.

यंदापासून दुकानात एक नियम केला आहे. यादी मुलानं किंवा मुलीनं स्वतःच्या हातानं लिहिलेली असेल तरच टाईप करणार, आणि कन्फर्मचं बटण तिनं किंवा त्यानं दाबायचं. दोन गिऱ्हाईकं त्यावरून चिडून शेजारच्या केंद्रात गेली. जाऊ देत.

आपल्याकडं विनंती एवढीच. पहिल्या पाच कॉलेजांच्या कटऑफची बातमी दरवर्षी येते, तशी विकल्प भरायला सुरुवात व्हायच्या आठवडाभर आधी एक चौकट छापावी. त्यात एच, ओ, एस आणि एल म्हणजे काय, आणि कोणत्या फेरीत कितवा क्रमांक मिळाला तर जागा फ्रीझ होते, एवढंच असावं. अक्षर मोठं ठेवा. मी झेरॉक्स काढून दुकानाच्या शटरला लावीन, म्हणजे पायरीवर थांबलेल्यांना तोवर वाचता येईल.

आपला नियमित वाचक,
एक ई-सेवा केंद्रचालक, मंगळवेढा
(कृपया नाव छापू नये)