पावसाआधी की पावसानंतर?

बेलेम, ब्राझील
८ मार्च २०२६

ती. आई व आप्पा,
साष्टांग नमस्कार.

आठवडाभर फोन लागला नाही म्हणून आईनं निम्म्या भावकीला कामाला लावल्याचं कळलं. आई, मी ॲमेझॉनमधल्या काशिवानाच्या जंगलात होते. तिथं रेंजचा भरवसा नसतो, हे जाताना सांगितलं होतं. मी ठणठणीत आहे. जेवणाचीही काळजी नको. इथं ताटात काहीही असो, वर कसाव्याचा भरडा भुरभुरतात. तुझा उपासाचा साबुदाणा ज्या कंदाचा, तोच हा. त्याचं माहेरही याच खंडातलं. म्हणजे माझी रोजच एकादशी. (सोबत मासा असतो, ते आजीला सांगू नकोस.)

इथल्या एका गोष्टीचा मात्र मला अजून उलगडा होत नाही. कुणाला भेटायचं ठरलं की विचारतात, "पावसाआधी की पावसानंतर?" घड्याळाचं नाव नाही. बेलेममध्ये दुपारी पाऊस येतो हे गृहीतच. पहिल्या महिन्यात मी पाऊस थांबल्या थांबल्या चौकात जाऊन तासभर उभी. कुणी आलं नाही. 'पावसानंतर' म्हणजे रस्त्यावरचं पाणी ओसरून, लोक कॉफी पिऊन बाहेर पडल्यावर, हे कुणी सांगितलंच नव्हतं. घरमालकिणीला विचारलं, पाऊस आलाच नाही तर? ती म्हणाली, "मग अजून आधीच आहे." आपल्याकडं पावसाच्या भरवशावर कुणी पेरणीची तारीख सांगत नाही, ही माणसं दातांच्या डॉक्टरची वेळ घेतात! पण अलीकडं तीही कुरकुरते, की पावसाची वेळ चुकायला लागली.

आप्पा, तुम्ही विचारलंत, की आपण आभाळाकडं डोळे लावून बसायचं आणि तुम्ही लोक पडणारा पाऊस अडवता, त्याचा पगार मिळतो होय? मिळतो. काशिवानात २००२ पासून अडीच एकर जंगलात प्लास्टिकचं छत घातलं होतं. अवकाळीला आपण द्राक्षबागेवर कागद टाकतो तसंच, फक्त झाडांच्या वरून नाही, खोडांच्या मधून, डोक्याच्या उंचीला. निम्मं पाणी पन्हाळीतून बाहेर. भोवती चर, म्हणजे मुळांनी शेजारच्या ओलीवर डल्ला मारू नये. वर्षानुवर्षं दुष्काळ पडला तर जंगल टिकतं का, एवढंच बघायचं होतं.

सुरुवातीला फारसं काही दिसलं नाही. मग झाडं मरायला लागली, आणि बारकी नव्हे, थोरली आधी. माती सुकली की खोडातल्या बारीक नळ्यांत हवा शिरते. ठिबकच्या लाईनीत हवा धरली की शेवटच्या वेलीला पाणी पोचत नाही, तसं. खोडात साखर शिल्लक असते, पाणीच चढत नाही. एकतृतीयांशाहून जास्त लाकूडवजन गेलं. पंधराएक वर्षांनी पडझड थांबली. उरलेल्यांना वाटेकरी कमी झाले, आणि आता ती शेजारच्या भिजणाऱ्या झाडांपेक्षा जास्त तहानलेली नाहीत. जंगल टिकलं, असं मी सगळ्यांना सांगते. पण तिथं उभं राहिलं की डोक्यावर आभाळ दिसतं, शेजारच्या जंगलात ते दिसत नाही. परवा एका आडव्या खोडावरचं शेवाळ नखानं खरवडून बिल्ल्याचा नंबर वाचला. वहीत त्या नंबरापुढं कुणीतरी सुवाच्य अक्षरात 'मेलं' लिहून ठेवलंय.

त्यात ही परीक्षा सोपी होती. भोवतालचं जंगल हिरवं होतं, हवा दमट होती, आग नव्हती. खऱ्या दुष्काळात भोवतालही वाळतं, हवा कोरडी पडते, आगी लागतात. शिवाय इथला पाऊस बराचसा जंगलच करतं. समुद्रावरून आलेलं पाणी झाडं मुळांनी ओढून परत हवेत सोडतात, ते पुढं पश्चिमेला पुन्हा पडतं. झाडं तोडली की ही साखळी तुटते. कार्लोस नोब्रे आणि थॉमस लव्हजॉय या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये लिहिलं, की तोड २० ते २५ टक्क्यांवर गेली तर ॲमेझॉनच्या मोठ्या भागात जंगल सावरणार नाही. १७ टक्क्यांच्या आसपास गेलंय. अडीच एकरावरचं छत काढता येतं, दोनेक वर्षांपूर्वी काढलंच. आता पाऊस परत मिळाल्यावर तो तुकडा किती सावरतो, ते मोजणं माझं काम.

टीव्हीवर पेटलेलं ॲमेझॉन दाखवतात ते खोटं नाही, पण ते बहुतेक दक्षिणेकडचं, कुरणांच्या आणि रस्त्यांच्या कडेचं. मी आहे तिथं सध्या चपला वाळत नाहीत.

बरं. सोसायटीच्या कर्जासाठी साठ हजार पाठवलेत. ३१ मार्चच्या आत भरा आणि बेदाणा घाईनं विकू नका. पलूसच्या स्थळाला मी नाही म्हणत नाही. फक्त मुलगी महिन्यातले दहा दिवस जंगलात असते, हे त्यांना आधी सांगा. आणि मे मध्ये येते म्हणाले होते, ते जमत नाही. माझं काम डिसेंबरपर्यंत वाढलंय. बाळ्याच्या साखरपुड्याला मी नसेन. त्याला मी फोन केलाय, तो हसला, त्यामुळं जास्तच वाईट वाटलं.

आई, तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे त्यानंच पाठवला. तू तर दर वेळी "आमचं चाललंय बरं" एवढंच म्हणतेस. डॉक्टर काय म्हणाले, ते रविवारी सांग. तुमचे रात्रीचे साडेआठ, माझे दुपारचे बारा.

तुमची,
सुमी

ता. क. फोटो पाठवलाय. पायाला दिसतंय ते प्लॅस्टर नाही, सापासाठी बांधतात ते आवरण आहे. सगळेच बांधतात.