फॅन्टसी फुटबॉलचे तक्ते : तीन गोष्टी छापाव्यात

महोदय,

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, हंगाम सुरू झाला की आपल्या क्रीडा पुरवणीत फॅन्टसी फुटबॉलचा साप्ताहिक तक्ता येतो. या खेळात खऱ्या खेळाडूंचा आपला संघ निवडायचा आणि त्यांच्या मैदानावरील कामगिरीचे गुण घेऊन दुसऱ्याच्या संघाशी लढायचे. खेळाडूचे नाव, समोरचा संघ आणि पुढे एक आकडा : १५.८, ११.२ असा. हा आकडा कोणत्या गुणपद्धतीचा, कोणत्या दिवशी काढलेला आणि किती मागेपुढे होऊ शकतो, यातले काहीच त्यात नसते. यादीचा क्रम पाहिला तर तो गेल्या आठवड्याच्या गुणांवरून लावल्याचे सरळ दिसते. तक्ता बंद करा असे म्हणणे नाही. तो करायचा कसा, एवढेच सांगायचे आहे.

आधी गुणपद्धत. बहुतेक फॅन्टसी लीगमध्ये धावून किंवा झेल घेऊन मिळवलेल्या दर १० यार्डांना १ गुण आणि टचडाउनला (चेंडू गोललाइनपलीकडे नेण्याला) ६ गुण मिळतात. क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्याला) पासच्या दर २५ यार्डांना १ आणि टचडाउन पासला ४. खरी गफलत होते ती झेलाच्या गुणात. काही लीग प्रत्येक झेलाला १ गुण देतात, काही अर्धा, काही शून्य. पाच-सहा झेल घेणाऱ्या रिसीव्हरचा (पास झेलणाऱ्याचा) आकडा एवढ्यावरच पाच-सहा गुणांनी हलतो.

गेल्या आठवड्याच्या गुणांवर भिस्त का ठेवू नये? त्यात टचडाउनचा वाटा मोठा असतो आणि टचडाउन फार लहरी असते. आठवड्यामागून आठवडा टिकते ती संधी : खेळाडू किती स्नॅपना, म्हणजे खेळींना, मैदानात होता, त्याच्या दिशेने किती पास आले म्हणजे टार्गेट किती, चेंडू घेऊन तो किती वेळा धावला आणि त्यातल्या किती धावा गोललाइनच्या पाच यार्डांच्या आत होत्या. २०२१ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सचा रिसीव्हर कूपर कप याने झेल घेऊन १,९४७ यार्ड काढले. त्यामागे १७ सामन्यांत १९१ टार्गेट होती, सामन्याला अकराहून जास्त. असा मोसम नशिबावर उभा राहत नाही. उलट उदाहरण जमाल विल्यम्सचे. २०२२ मध्ये डेट्रॉइट लायन्सकडून त्याने धावून १७ टचडाउन केली, एनएफएलमध्ये सर्वाधिक. पुढच्या वर्षी तो न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेला आणि अख्ख्या हंगामात त्याच्या नावावर एकच टचडाउन लागले. तिकडे डेट्रॉइटमध्ये नव्याने आलेल्या डेव्हिड माँटगोमेरीने १३ केली. गोललाइनजवळचे काम डेट्रॉइटमध्येच राहिले, फक्त ते करणारा बदलला. विल्यम्सच्या नावापुढे आदल्या वर्षीची १७ लिहून अंदाज काढणाऱ्याची फसगत ठरलेलीच होती.

आता एका काल्पनिक रिसीव्हरचा हिशेब करून दाखवतो. तीन सामन्यांत संघाने त्याच्यासह सर्वांकडे मिळून १०० पास टाकले, त्यातले २४ त्याच्याकडे. वाटा २४ टक्के. या आठवड्यात संघ ३५ पास टाकेल असे धरले, तर टार्गेट ८.४. त्यातले ६५ टक्के झेलले तर ५.४६ झेल. टार्गेटमागे ८ यार्ड धरले तर ६७.२ यार्ड. इथवर सगळे सरळ आहे. गोची टचडाउनमध्ये होते. २४ टार्गेटमध्ये त्याने ४ टचडाउन केली आहेत, म्हणजे जवळपास १७ टक्के. हाच दर पुढे नेला तर या आठवड्याला १.४ टचडाउन, म्हणजे ८.४ गुण येतात आणि एकूण आकडा २०.६ वर जातो. हे फुगलेले आहे, कारण २४ टार्गेट ही फारच तोकडी नोंद. म्हणून तिच्यात पाच टक्के दराची १०० काल्पनिक टार्गेट मिसळायची : (४ अधिक ५) भागिले १२४, म्हणजे ७.३ टक्के. आता टचडाउन ०.६१ आणि त्याचे गुण ३.७ येतात. झेलाला पूर्ण गुण देणाऱ्या लीगमध्ये एकूण १५.८, अर्धा देणाऱ्या लीगमध्ये १३.१ आणि काहीच न देणाऱ्या लीगमध्ये १०.४. खेळाडू तोच, सामना तोच. मिसळायची संख्या १०० च का, असे कोणी विचारेल. ती जुन्या हंगामांवर ताडून ठरवायची असते. झेलाच्या टक्केवारीला कमी मिसळण पुरते, टचडाउनला बरेच जास्त लागते.

संघ ३५ पास टाकेल हे कुठून आले? इथे सट्टाबाजाराचे भाव कामी येतात, पैज लावायची नसली तरी. दोन्ही संघांच्या एकूण गुणांचा भाव ४७ असेल आणि एक संघ ७ गुणांनी वरचढ मानला असेल, तर वरचढ संघाचे अपेक्षित गुण (४७ अधिक ७) भागिले २, म्हणजे २७ आणि दुसऱ्याचे २०. मागे पडणारा संघ घड्याळाशी झगडत पास जास्त टाकतो, त्यामुळे त्याच्या रिसीव्हरची टार्गेट वाढतात. पण २० गुणांत टचडाउन दोन-तीनच बसतात, म्हणून त्यांचा दर खाली आणावा लागतो. पहिली दुरुस्ती सगळे करतात, दुसरी विसरतात. (हरत आलेल्या सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत मिळवलेल्या यार्डांना प्रशिक्षक विचारत नाही. फॅन्टसीत मात्र तेही पूर्ण गुण देतात.)

हवामानाबद्दल एवढेच की पावसापेक्षा वारा बघावा. ६ डिसेंबर २०२१ रोजी बफेलोच्या सोसाट्याच्या वाऱ्यात न्यू इंग्लंड पेट्रियट्सने संपूर्ण सामन्यात फक्त ३ पास टाकले आणि १४-१० ने जिंकले. त्या दिवशी त्यांच्या रिसीव्हरचा कोणताही सरासरी आकडा निरुपयोगी होता. छताखालच्या स्टेडियममध्ये वाऱ्याचा रकाना कोरा ठेवावा. ‘अमुक संघ समोरच्या रनिंग बॅकना (चेंडू घेऊन धावणाऱ्यांना) खूप गुण देतो’ हा मुद्दाही सहाव्या-सातव्या आठवड्याआधी फारसा वापरू नये, कारण तोवर त्या संघाने कोणाशी सामने खेळले यावरच तो आकडा ठरलेला असतो. किकरसाठी (लाथेने चेंडू मारून गुण मिळवणाऱ्यासाठी) संघाचे अपेक्षित गुण पाहिले की पुरे.

दुखापतींची यादी मात्र वेळापत्रकासारखी वाचावी लागते. रविवारच्या सामन्यासाठी संघ बुधवार, गुरुवार आणि शुक्रवारचा सराव अहवाल देतात : पूर्ण सराव, मर्यादित सराव किंवा सरावच नाही. शुक्रवारी ‘क्वेश्चनेबल’ (अनिश्चित), ‘डाउटफुल’ (खेळणे अवघड) किंवा ‘आउट’ (खेळणार नाही) असा शेरा येतो. न खेळणाऱ्यांची अंतिम यादी सामन्याआधी ९० मिनिटांनी, म्हणजे रविवारी पूर्व अमेरिकेच्या दुपारी एकच्या सामन्यांसाठी साडेअकराला. बुधवारी विश्रांती घेतलेला अनुभवी खेळाडू चिंतेचा विषय नसतो. बुधवारी पूर्ण, गुरुवारी मर्यादित आणि शुक्रवारी गैरहजर हा क्रम मात्र वाईट. मंगळवारी काढलेला आकडा शनिवारी छापला, तर यातले काहीच त्यात आलेले नसते. पहिला रिसीव्हर बाहेर बसला की त्याची सगळी टार्गेट दुसऱ्याच्या नावावर टाकणे हीही नेहमीची चूक. ती टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही खेळाडू), रनिंग बॅक अशी सगळीकडे विखुरतात.

संगणकावर मॉडेल चालवणाऱ्यांसाठी थोडे. एनएफएलफास्टआर या मुक्त संचात १९९९ पासूनच्या प्रत्येक खेळीची नोंद मिळते, त्यामुळे माहितीची वानवा नाही. घोळ होतो जोडणीत. जोश ॲलन नावाचा क्वार्टरबॅक बफेलोत आणि त्याच नावाचा बचावपटू जॅक्सनव्हिलमध्ये, असे काही हंगाम गेले. नावावरून तक्ते जोडले तर दोघांच्या ओळी एकमेकांत मिसळतात, म्हणून संचातला खेळाडूचा ओळखक्रमांकच वापरावा. रेडर्स २०२० मध्ये ओकलंडहून लास व्हेगासला गेले, चार्जर्स २०१७ मध्ये सॅन डिएगोहून लॉस एंजेलिसला. संघाची जुनी-नवी आद्याक्षरे एक केली नाहीत तर ओळी मुकाट्याने गळतात आणि कळतही नाही.

त्याहून घातक म्हणजे उत्तर आधीच प्रश्नात शिरणे. सातव्या आठवड्याचा अंदाज काढताना सातव्याच आठवड्याचे स्नॅप स्तंभात राहून गेले की कागदावर मॉडेल झकास दिसते आणि प्रत्यक्षात आपटते. सट्ट्याचे भावही जुन्या फायलींत बहुधा सामना सुरू होतानाचे असतात, हाती मात्र मंगळवारचे. ओळी सरमिसळ करून चाचणी घेतली तर बाराव्या आठवड्यावर शिकून पाचव्याचे भाकीत होते. चाचणी आठवड्याच्या क्रमानेच घ्यावी : पाचपर्यंत शिकायचे, सहावर तपासायचे, मग सहापर्यंत शिकायचे आणि सातवर तपासायचे. तुलना खेळाडूच्या हंगामातील साध्या सरासरीशी करावी. तिला हरवता येत नसेल तर मॉडेल गुंडाळून ठेवावे. आणि चूक मोजताना लोक खरोखर मैदानात उतरवतात तेवढेच खेळाडू घ्यावेत, म्हणजे साधारण २४ रनिंग बॅक आणि ३६ रिसीव्हर. बाकावरच्या शेकडो शून्यांमुळे सरासरी चूक उगाच छोटी दिसते.

उरला पल्ला, म्हणजे आकडा किती खाली-वर जाऊ शकतो. वरच्या रिसीव्हरला ०.६१ टचडाउन अपेक्षित आहे, म्हणजे पॉयसाँ वितरणाने (क्वचित घडणाऱ्या घटनांची शक्यता काढण्याच्या सूत्राने) शंभरातल्या ५४ सामन्यांत त्याला एकही मिळणार नाही आणि तेव्हा तो बाराच्या आसपास थांबेल. बाकीच्या ४६ मध्ये तो अठरा किंवा त्याच्या वर जाईल. १५.८ हा आकडा या दोन ढिगांच्या मधला आहे आणि नेमका तेवढा येण्याची शक्यता फार थोडी. जिंकायला दहा गुण पुरेसे असलेल्याने खालची बाजू पाहावी, तीस गुणांनी मागे असलेल्याने वरची. एकाच आकड्यातून दोघांनाही काही कळत नाही.

म्हणून तक्त्याच्या डोक्यावर गुणपद्धत आणि आकडे काढल्याचा वार व वेळ छापावी आणि प्रत्येक नावापुढे एका आकड्याऐवजी खालचा, मधला आणि वरचा असे तीन द्यावेत. जागा कमी पडत असेल तर नावे कमी करावीत. गुरुवारच्या सामन्यातील खेळाडू वेगळ्या चौकटीत असावेत, कारण त्यांचा सराव अहवाल बुधवारीच संपतो. त्याच चौकटीत एक सूचनाही द्यावी : गुरुवारी खेळणाऱ्याला ‘फ्लेक्स’ जागेवर ठेवू नये, त्याच्या नेहमीच्या जागेवर ठेवावे. रविवारी साडेअकराला कोणी बाहेर बसल्याचे कळले, तर रनिंग बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड यांपैकी कोणालाही घेता येईल अशी ती एकच जागा मोकळी राहते.

आपला,
एक वाचक