नवोदितांच्या विज्ञानकथेला रविवारी जागा द्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे आपल्या कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर. खगोलशास्त्रज्ञ म्हणून तेव्हाच विख्यात असलेल्या नारळीकरांनी, त्या ख्यातीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून, स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे नाव घेतले आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये यासाठी कथा पत्नीकडून लिहून घेतली.

आज नव्याने लिहिणाऱ्यांची अडचण नेमकी उलटी आहे. नाव अनोळखी असल्यामुळे त्यांचे लेखन वाचलेच जात नाही. दिवाळी अंकांची बरीच पाने निमंत्रितांसाठी राखलेली असतात, आणि आठशे शब्दांच्या कथेला किंवा अद्भुताच्या कवितेला वर्षभर कुठेच दार नसते.

मी निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने किरणोत्सवावर कविता लिहिली. सूर्यापासून निघालेला किरण सुमारे ८ मिनिटांत पृथ्वी गाठतो, महाद्वारातून आत येतो आणि अंबाबाईच्या चरणांशी थांबतो. हा सारा प्रवास त्या किरणाच्याच तोंडून सांगितला आहे. त्यातले विज्ञान मी तपासले, ते चोख आहे. एका मासिकाने मात्र ‘हे विज्ञान की भक्ती?’ एवढाच शेरा मारून ती परत पाठवली. दुसऱ्या एका मुलाच्या कथेत राजाराम बंधाऱ्यावरील पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते त्या रात्री पंचगंगा स्वतः गावाशी बोलू लागते. महापुरात घर सोडावे लागलेल्या मुलालाच सुचावी अशी ही कल्पना आहे, आणि तिला ‘बालवाङ्मय’ म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते.

माझी विनंती अशी की, आपल्या रविवारच्या पुरवणीत महिन्यातून दोनदा अर्धे पान अशा कथा-कवितांसाठी द्यावे, निवड होईपर्यंत लेखकाचे नाव झाकून ठेवावे आणि नाकारलेल्या लेखनासोबत कारणाच्या दोन ओळी अवश्य कळवाव्यात, कारण नवख्या लेखकाला छापून येण्याइतकाच त्या ओळींचाही उपयोग होतो. आलेल्या लेखनाचे पहिले वाचन विनामोबदला करून देण्यास मी आणि आमच्या वाचनगटातील दोघी जणी तयार आहोत.

आपली नम्र,
एक वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर