विज्ञानमालिका आणि बजेटचे रडगाणे

मा. संपादक,

मराठीत विज्ञानमालिका, म्हणजे विज्ञानकथांवरच्या टीव्ही मालिका, का होत नाहीत, असे विचारले की 'बजेट कुठेय?' हे उत्तर ठरलेले. ते पटत नाही. या प्रकारातल्या कितीतरी युक्त्या अडचणीतूनच निघाल्या आहेत. १९६६च्या 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळमालिकेत दर आठवड्याला यान नव्या ग्रहावर उतरवणे परवडेना, म्हणून माणसे इथे विरघळून तिथे प्रकटू लागली. त्याच वर्षी 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेत 'डॉक्टर' नावाच्या परग्रहवासी नायकाचे काम करणाऱ्या नटाची तब्येत साथ देईना. मग डॉक्टरचा चेहराच पालटतो असे ठरले. तो नियम अजून चालतो.

प्रेक्षक गुंततो तो अशा नियमात. एक अशक्य गोष्ट मान्य करायला त्याची ना नसते, पण नंतर ती मोडायची नाही. २००४च्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या पहिल्या भागात अंतराळात पळणाऱ्या उरल्यासुरल्या माणसांमागे शत्रू दर ३३ मिनिटांनी येतो, बस. पाच दिवस कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. राष्ट्राध्यक्ष बाई पांढऱ्या फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहितात; तो घटतच जातो. शेवटी एक मूल जन्मते आणि बाई आकडा पुसून एकाने वाढवतात. फळा, मार्कर, फडके. याला किती खर्च येतो?

उलट मंगळावरच्या लेकीशी आई फोनवर फटाफट बोलू लागली की संपले. तिथे संदेश पोहोचायलाच, ग्रहांच्या अंतरानुसार, ३ ते २२ मिनिटे लागतात. 'जेवलीस का?' विचारून उत्तर येईपर्यंत इथे कुकर होऊन थंड व्हायचा. ही खोळंबलेली वेळ म्हणजेच प्रसंग. लेखक नेमकी तीच कापतात.

आणि मुंबईत विषय दाराशी आहे. जुलैत साडेचार मीटरच्या वर भरती असली की समुद्र नाल्यांच्या मुखांपेक्षा उंच होतो. पूरदरवाजे लावावे लागतात, पावसाचे पाणी शहरातच अडते आणि हाजी अली, लव्ह ग्रोव्हचे पंप ते उपसत राहतात. सहाएक तासांत ओहोटी लागेल, या भरवशावर हे सगळे चालते. ती लागलीच नाही तर? एवढे एकच बदला. बाकी दर पावसाळ्यात तुंबणारा हिंदमाताचा सखल भाग, सोसायटीचा वॉचमन, तळमजल्यावरून वर सरकवलेले फ्रिज आणि गाद्या, सगळे आहे तसे. यान नको, ग्राफिक्सही फारसे नकोत. एक जिना आणि त्याच्या भिंतीवर दर तासाला खडूने मारलेली पाण्याची खूण पुरे.

– एक प्रेक्षक, परळ, मुंबई