मुंबईच्या फेऱ्यांसाठी हात द्या : दुर्मीळ आजाराच्या मुलांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

मिरजेतल्या आमच्या गणेशोत्सव मंडळाने यंदा देखाव्याचा खर्च अर्ध्यावर आणला आणि उरलेली रक्कम एका कामासाठी बाजूला काढली. ती पुरणार नाही, म्हणून तुमच्याकडे मागतो आहोत.

जत तालुक्यातली एक लहान मुलगी आहे. नाव मुद्दाम देत नाही. हातपाय बारीक, पण पोट इतकं पुढे आलेलं की आई तिचे फ्रॉक कमरेला भरपूर चुण्या सोडून शिवते. सारखा घोळणा फुटायचा. जंताची, काविळीची, हिवतापाची औषधं झाली, रक्त चढवून झालं. शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी पोट चाचपून पाहिलं, पानथरी (प्लीहा) पार बेंबीखाली आलेली. त्यांनी मुंबईला केईएममध्ये पाठवलं. तिथे रक्तातल्या एन्झाइमची तपासणी झाली आणि आजाराचं नाव कळलं : गोशे.

आपल्या पेशींत लायसोसोम नावाच्या बारीक पिशव्या असतात. बेल्जियमचे ख्रिश्चन द द्यूव यांनी 1955 मध्ये त्या ओळखल्या. 1974 चं नोबेल त्यांना मिळालं. या पिशव्यांत आम्लात काम करणारी सुमारे 60 एन्झाइमं असतात. पेशीतला जुना, निकामी माल ती तोडतात आणि त्यातले तुकडे पुन्हा वापरात येतात. प्रत्येकाचं काम ठरलेलं, एकाचं दुसऱ्याला जमत नाही. गुऱ्हाळात चिपाडं उचलणारा गडी आला नाही की ढीग चरकापर्यंत येतो आणि गाळप अडतं, तसंच इथे होतं. गोशेमध्ये ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे एन्झाइम कमी पडतं. जुन्या रक्तपेशी गिळून संपवणाऱ्या पेशींत त्यांच्यातली चरबी साठत जाते. या पेशी पानथरी, यकृत आणि हाडांच्या मगजात असतात. म्हणून पोट वाढतं, प्लेटलेट उतरतात, हाडं ठणकतात. कमी पडणारं एन्झाइम वेगळं, तर आजारही वेगळा : पाँपे नावाच्या आजारात स्नायू आणि हृदय, हर्लर नावाच्या आजारात हाडं, डोळे, मेंदू.

गोशेवर 1991 पासून औषध आहे. कमी पडणारं एन्झाइमच दर पंधरा दिवसांनी सलाइनमधून द्यायचं, तेही जन्मभर. पानथरी उतरते, रक्त सुधारतं, मूल शाळेत जातं. हे औषध मेंदूपर्यंत मात्र पोचत नाही, त्यामुळे मेंदूला धरणाऱ्या प्रकारांत ते अपुरं पडतं. हेही आम्ही पालकांना आधीच सांगतो, खोटी आशा लावत नाही.

औषधाची किंमत कुठल्याही मंडळाच्या आवाक्यातली नाही. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ठरलेल्या केंद्रांमार्फत एका रुग्णाला 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि केईएम हे त्यातलं एक केंद्र. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे मूल वाढेल तसा खर्चही वाढतो. पण आमच्या भागातली लेकरं तिथवर पोचण्याआधीच अडकतात. महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट, परळला राहायची सोय, बुडालेली मजुरी, कागदपत्रांसाठी पुन्हा मारलेली फेरी. नेमकं इथेच घरं थकतात, आणि दरम्यान वाया गेलेली हाडं मागाहून औषध मिळालं तरी पूर्ववत होत नाहीत. म्हणून आमचा पैसा याच वाटेवर खर्च होणार आहे.

एका कुटुंबाची एक फेरी उचला. तेवढं जमत नसेल तर शंभर-दोनशे द्या, तेही लागतात. परळ, दादर, लालबाग भागात नातेवाइकांची खोली दोन रात्रींसाठी मिळवून देता आली तर फारच उपकार होतील. अर्ज भरता येणारे, इंग्रजी रिपोर्ट वाचून समजावणारे कार्यकर्तेही हवे आहेत.

आणखी एक, स्पष्टच लिहितो. या आजारांच्या बहुतेक प्रकारांत आई-वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतात, स्वतः ठणठणीत. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे आणि नात्यातल्या लग्नात हा धोका वाढतो. घरात असं एक मूल असेल तर पुढच्या वेळी तिसऱ्या महिन्यातच तपासणी करता येते, त्यासाठी दिवस गेल्यावर लगेच डॉक्टरांना सांगा. सुनेला दोष देऊ नका, दोष दोन्हीकडून आलेला असतो.

मदत मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी सात ते नऊ स्वीकारू. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल, खर्चाचा हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल. ज्यांच्या घरात पोट वाढलेलं, सारखं रक्त कमी होणारं लेकरू आहे, त्यांनी जुने रिपोर्ट घेऊन याच वेळेत यावं. त्यांच्याकडून एक पैसाही घेतला जाणार नाही.

आपले,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते, मिरज