सुट्टीत वाफ्यांना पाणी कोण घालणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महाविद्यालयाचे विद्यार्थी स्वयंसेवक भाजी पिकवून अन्नपेढीला, म्हणजे गरजूंना अन्न वाटणाऱ्या केंद्राला, देतात, अशा एका सामुदायिक शेतात मी निवृत्तीनंतर तीन वर्षे जाते. काढणीच्या वजनाची वही माझ्याकडे असते. सत्र चालू असताना तिच्यात रोज नोंद असते. परीक्षा लागली की पाने कोरी.

गेल्या सुट्टीत पालेभाजीचे नऊ वाफे अकरा दिवसांत वाळले. मुलांना मी दोष देत नाही. उन्हात कुदळ मारून हातांना फोड आलेली ही मुले मी पाहिली आहेत. शेजारचे दोन आजोबा पाणी घालायला तयार होते, पण नळाची चावी कार्यालयात आणि कार्यालयाला कुलूप. त्या आठवड्यात अन्नपेढीच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, "ताई, आज हिरवं काहीच नाही का?" मला उत्तर देता आले नाही.

जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ साली अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात पहिली अन्नपेढी काढली, ती दुकाने खाण्याजोगे अन्न फेकून देतात हे पाहून. आजही चित्र फारसे निराळे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले, त्यातले सुमारे ६० टक्के घराघरांतून. पण वाचवलेल्या अन्नातला कोरडा शिधाच साठवता येतो. सकाळी खुडलेली पालेभाजी दुपारी माना टाकते. ती रोज जवळूनच यायला हवी, आणि म्हणून मुलांच्या या वाफ्यांचे मोल मला फार वाटते.

महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे. पेरणीच्या दिवशीच सुट्टीतल्या पाळ्या ठरवा आणि त्यांत आसपासच्या रहिवाशांना घ्या. चावी दोघा-तिघांकडे ठेवा. वाफ्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन घाला, ओल टिकते. आणि सेवेचे तास मोजताना सुट्टीतले तासही धरा. आमच्याकडे ते धरले जात नाहीत, मग गावी न गेलेली मुले तरी कशाला येतील?

यंदा मी पाळ्यांचा तक्ता फाटकावर लावला आहे. अठ्ठावीस सकाळींपैकी सात अजून रिकाम्या आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका