बाबा, सोमवारी रक्त द्यायला जा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल बाबा म्हणाले, "क्रिएटिनिन १.३ आहे, लघवी नीट होतेय, मग त्या व्हायरसच्या तपासणीला दर महिन्याला पैसे कशाला घालवायचे?" फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितेय.

बाबा, किडनी बिघडली की रक्तात क्रिएटिनिन वाढतं, पण त्यावरून कळतं ते फार उशिरा. बीके व्हायरस बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि किडनीत निपचित पडून राहतो. शरीरानं नवी किडनी परकी म्हणून नाकारू नये यासाठी तुम्ही टॅक्रोलिमस घेता. त्यानं प्रतिकारशक्ती दबते आणि हा डोकं वर काढतो. आधी लघवीत, मग काही आठवड्यांनी रक्तात, मग किडनीचं नुकसान. ना ताप, ना दुखणं. क्रिएटिनिन वाढेपर्यंत इजा होऊन गेलेली असते. १९७१ मध्ये तो पहिल्यांदा सापडला, तोही किडनी बसवलेल्या रुग्णाच्या लघवीत. त्या रुग्णाची आद्याक्षरं बीके होती.

आई, बऱ्याचदा हा व्हायरस दात्याच्या किडनीतूनच येतो. हे वाचून जिवाला लावून घेऊ नकोस. तू दिलेल्या किडनीत काही खोट आहे असा त्याचा अर्थ नाही. तो माझ्याही किडनीत असेल.

आमच्या लॅबमध्ये हे नमुने रोज येतात. मशीन व्हायरसच्या डीएनएच्या प्रती फेरीगणिक जवळपास दुप्पट करत जातं. स्क्रीनवर रेघ सपाट चालत राहते आणि व्हायरस असेल तर एकदम वर उठते. जितक्या लवकर उठेल तितका व्हायरस जास्त. नमुन्यावर नुसता नंबर असतो, पण शेवटपर्यंत सपाट राहिलेली रेघ पाहिली की मला बरं वाटतं, तो कुणाचे तरी बाबा असणार म्हणून.

सीएमव्ही या असल्याच दुसऱ्या व्हायरसवर निदान गोळ्या आहेत. बीकेवर खात्रीचं औषध अजून नाही. रक्तात मिलिलिटरमागे १०,०००च्या वर प्रती गेल्या, किंवा १,०००च्या वर टिकून राहिल्या, की डॉक्टर टॅक्रोलिमससारख्या गोळ्यांचा डोस उतरवतात. जास्त उतरवला तर शरीर किडनी नाकारतं. म्हणून हा आकडा त्यांच्या हातात वेळेवर पडायला हवा. बाबा, गोळ्या स्वतःच्या मनानं मात्र कधीच कमी करू नका. पहिले नऊ महिने दर महिन्याला, मग दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी, एवढंच करायचंय. तुमचा आत्ता पाचवा चालू आहे.

सोमवारी सकाळी आठची गोळी डबीत घालून बरोबर न्या, टॅक्रोलिमसच्या लेव्हलसाठी रक्त दिल्यावरच घ्या. लॅब नेहमीचीच ठेवा, दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत. पैसे मी आजच पाठवलेत. आई, रिपोर्ट आला की फोटो काढून पाठव, दोन्ही पानांचा.

तुमची,
मनू